खाली देखो

माझ्या हातून आयुष्यात मोठी पापं झाली नाहीत. कुसुम म्हणते, "तुला संधी कुठं मिळाली, ताई? निम्मं आयुष्य तू पांघरुणात काढलंस." कुसुम माझी धाकटी बहीण. बोलायला पहिल्यापासून अशीच, तोंडाला येईल ते बोलायचं आणि वर गोड हसायचं. पण या बाबतीत ती चुकते. एक पाप मी केलंय, आणि तेही पांघरुणात पडूनच केलंय. त्यात हातपायही हलवावे लागले नाहीत, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. ते मी महिनाभर चांगलं घट्ट बंद ठेवलं.

पोलीस ॲक्शन होऊन चारदोन वर्षं झाली होती आणि आम्ही फुलंब्रीहून औरंगाबादेत बिऱ्हाड हलवलं होतं. नाना, म्हणजे आमचे वडील, कचेरीत कारकून. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. घरात मराठी बोलायचे, पण मधेच एखादा शब्द असा टाकायचे की आई म्हणायची, "आता हे काय नवीन?" आई पैठणची. सगळा जन्म मोगलाईत गेला, पण बाईला उर्दूचा वारा लागला नव्हता. आम्ही मुली मराठी शाळेतल्या. म्हणजे एका घरात एका छपराखाली तीन भाषा नांदत होत्या, आणि बहुतेक वेळा एकमेकींना न विचारता. औरंगपुऱ्यात भाड्याचं घर होतं, पुढं बैठक, बाजूला स्वयंपाकघर, मागं परस. परसात धुण्याचा दगड, त्याला लागून तुळस, आणि बैठकीच्या भिंतीला पाठ लावून एक कोळशाची खोली. त्या खोलीचं नाव ध्यानात ठेवा, कारण पुढचे सात महिने मी तिथं काढले.

त्याच्या आधी बाजाची पेटी आली. हैदराबादला निघालेल्या कुणा कुटुंबानं सामान विकायला काढलं होतं, त्यातून नानांनी आणली. ती माझ्यासाठी आणली, हे मी इथं मुद्दाम लिहिते. फुलंब्रीला देवळात भजन चालायचं तेव्हा मी खांबाला टेकून सगळं पाठ करायची, आणि घरी येऊन जसंच्या तसं म्हणून दाखवायची. नाना म्हणायचे, "शांतीचा कान तयार आहे, हिला उस्ताद पाहिजे." तर पेटी आली, आणि तिच्यामागून आठ दिवसांनी लतीफमास्तर आले. आधी कुणा जागीरदाराच्या हवेलीत मुलामुलींना शिकवायचे. ती हवेली बंद पडली, माणसं पांगली, आणि मास्तर सायकलवरून घरोघर जायला लागले. सोमवार, बुधवार, शनिवार, दुपारी चार. काळी शेरवानी, तिची एक गुंडी नेहमी वेगळ्या रंगाची, आणि अंगाला केवड्याचा वास. पहिल्या दिवशी त्यांनी मला सा लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हौ. यहाँच घर बांधो." तेवढ्या एका वाक्यावर मी आठ दिवस जेवण विसरले.

नवव्या दिवशी मला ताप भरला. मग छातीत कळ, मग दवाखाना, मग छातीत पाणी झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, मुलीला सहा महिने तरी वेगळी ठेवा, भांडी वेगळी, पांघरूण वेगळं, धाकटीला जवळ येऊ देऊ नका. कोळशाची खोली सारवून, चुना मारून माझी झाली. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक थाळी, जर्मनचा पेला. कुसुमनं धुण्याच्या दगडाच्या अलीकडं यायचं नाही, असं ठरलं. मी तेरा वर्षांची, ती दहाची. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, बुधवारी चार वाजता मास्तर आले तेव्हा आई दारात म्हणाली, "मास्तर आलेच आहेत तर कुशीला बसवू या. पेटी तरी धूळ खात पडणार नाही." झालं! माझ्या जागेवर, माझ्या पेटीपुढं, माझाच निळा परकर घालून कुसुम बसली. परकर मला आखूड झाला होता हे खरं आहे. पण त्या वेळी मला वाटलं, अजून मी मेले नाही तर वाटण्या सुरू झाल्या.

जळणं म्हणजे काय ते मला विचारा. लोक म्हणतात पोटात आग पडते. माझ्या छातीत पाणी होतं, तरी आग विझली नाही. कुसुमचा पहिला सा भिंतीपलीकडून आला तेव्हा मी देवाला म्हटलं, हिचा आवाज फुटू दे. घोगरा होऊ दे. देवानं ऐकलं नाही. आवाज चांगला होता. माझ्याहून चांगला होता, हे मला त्याच क्षणी कळलं, कान तयार होता ना! नानांनी कौतुक केलेला तो कान असा माझ्याच जिवावर उठला.

तरी सांगते, शिकवणीच्या त्या तीन दुपारी नसत्या तर मी त्या खोलीत वेडी झाले असते. सकाळी आई दारातून थाळी सरकवायची, येसराची आमटी, भाकरी, कधी धपाटं. तोंडाला पदर लावून दोन शब्द बोलायची आणि डोळे पुसत निघून जायची. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. भांडीवाली सखूबाई तेवढी खिडकीशी येऊन बोलायची, "पोरी, लई वाळलीस गं," आणि मग स्वतःच घाबरून चार पावलं मागं व्हायची. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, रविवार माझ्या लेखी नव्हतेच. सोमवारी जेवण झालं की मी गादी ओढून भिंतीला लावायची. चारला सायकलची घंटी वाजायची, आईच्या चहाची कपबशी वाजायची, आणि मग पेटीचा भाता. सूर सुरू झाले की माझा श्वास त्यांच्या मागं चालायला लागायचा. एरवी दर श्वासाला बरगडीखाली सुई टोचायची, ती तासभर टोचत नसे, किंवा टोचली तरी मला कळत नसे. गाणारीचा राग यायचा आणि गाण्यानं बरं वाटायचं. दोन्ही एकाच कानातून. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मास्तर माझ्यासाठी अंडी आणायचे. डॉक्टरांनी सांगितली होती, आणि आमच्या घरात अंडं म्हणजे प्रलय. मास्तरांच्या घरी कोंबड्या होत्या. शेरवानीच्या खिशातून रुमालात बांधलेली दोन अंडी निघायची. आई ती चिमट्यानं उचलायची, परसातल्या वेगळ्या शेगडीवर उकडायची आणि मग अंघोळ करायची. आठवड्यातून तीन अंघोळी माझ्या नावावर जास्तीच्या. मास्तर जाताना परसाच्या दारातून नुसतं विचारायचे, "बडी बिटिया कैसी हैं?" आत कधी डोकावले नाहीत. परक्या घरच्या लेकींच्या तोंडाकडं बघायचं नाही अशी त्यांची रीत होती. शिकवतानाही नजर आपल्याच हातांवर. ही रीत लक्षात ठेवा, सगळा घोटाळा तिनंच केला.

सूर बसले, सरगम झाली, आणि मास्तरांनी कुसुमला भूप रागातली एक चीज दिली. आता ताल आला. पेटी नुसती सूर दाखवायला, गाणं सुरू झालं की मास्तर हातानं ताल धरायचे. मला भिंतीपलीकडं दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं. सोळा मात्रा. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला टाळी, तेरावीला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही. तिथं सगळं गप्प, आणि त्या गप्प जागेवर मास्तरांचा आवाज, "खाली देखो!" मी जर्मनच्या थाळीवर बोटानं वाजवत राहायची. टक्, टक्, मग काही नाही, मग टक्. चारसहा दिवसांत ती रिकामी जागा माझ्या बोटांत बसली. खाली म्हणजे रिकामी. नाना रोज संध्याकाळी दारात उभं राहून मला विचारायचे, "दुधाचा पेला खाली केलास का?" म्हणजे रिकामा केलास का. तोच हा शब्द. मास्तर सांगत होते, रिकामी जागा ओळख, तिच्याकडं लक्ष दे.

आणि बरोबर त्याच जागी कुसुमचा आवाज बसायचा. आठ मात्रा सरळ, सुंदर, आणि नववीला घसरगुंडी. मास्तर म्हणायचे, "सुर मत छोडो बिटिया, खाली देखो, खाली!" की आणखी घसरायची. मला कळेना हिला होतंय काय. मग एके दिवशी आई सखूबाईला परसात सांगत होती ते ऐकलं. "मास्तर मोठे खानदानी हो. पोरीनं मान वर केली की लगेच म्हणतात, खाली देखो. पोरीच्या जातीनं खाली बघूनच गावं. आता कशी हनुवटी छातीला टेकवून गाते आमची कुशी!"

मी उशीत तोंड खुपसून हसले. इतकी हसले की कळ आली. मास्तर म्हणत होते रिकामी जागा बघ, आणि ही बया जमीन बघत होती! हनुवटी गळ्यावर दाबल्यावर आवाज बसेल नाहीतर काय होईल? मास्तर तिच्याकडं बघत नव्हते, म्हणून त्यांना दिसत नव्हतं. आईला दिसत होतं, पण तिला ते शील वाटत होतं. नाना असते तर एका क्षणात उलगडा झाला असता, पण चार वाजता नाना कचेरीत. सगळ्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

एक हाक मारायची होती. "कुशे, खाली म्हणजे रिकामं गं!" एवढं बोलायला दमही पुरला असता. मी नाही मारली. पहिल्या दिवशी गंमत म्हणून, दुसऱ्या दिवशी उद्या सांगू म्हणून, आणि मग सरळ सरळ दुष्टपणानं. सोमवार, बुधवार, शनिवार, मी कान लावून त्या नवव्या मात्रेची वाट बघायची. ती घसरली की मला औषध लागू पडल्यासारखं वाटायचं. मास्तरांच्या आवाजातली निराशा वाढत चालली, ती मला साखरेसारखी गोड लागली. सत्तर वर्षं झाली, पण त्या गोडीची चव मी विसरले नाही, आणि विसरले असं कुणाला सांगणारही नाही.

महिना झाला. एका बुधवारी शिकवणी संपली तरी मास्तर गेले नाहीत. नाना येईपर्यंत थांबले. बैठकीत दोघं बसले आणि मी भिंतीला कान लावला.

"साब, छोटी बिटिया मेहनत भोत करती," मास्तर म्हणाले. "मगर सुर पे टिकतीच नै. मैं हार गया. हराम की रोटी मेरेकू नक्को. शनीचर को आखरी बार आतूं, बच्ची को दुआ देके जातूं."

नानांनी फार आग्रह केला नाही. म्हणाले, "नशीब एकेकाचं." मग सायकल गेली.

मी तशीच पडून राहिले. जिंकले होते ना मी? कुसुम नापास झाली होती. आणि मग मला सोमवार दिसला. चार वाजलेत, गादी भिंतीला लावलीय, आणि भिंतीपलीकडं काही नाही. बुधवारी काही नाही. शनिवारी काही नाही. अजून निदान तीन महिने त्या खोलीत मी, थाळी आणि बरगडीतली सुई. तिचं गाणं बुडवायला निघाले होते आणि माझंच बुडत होतं. तिला काय, ती अंगणात सागरगोटे खेळेल, आठ दिवसांत विसरेल. मला तेवढंच होतं. गुरुवारी मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली ताप असेल. ताप नव्हता, मी हिशोब करत होते की हिचं भलं न करता माझं भलं कसं होईल, आणि तो काही केल्या जमत नव्हता.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर कुसुम धुण्याच्या दगडावर बसून रडत होती. मी खिडकीशी गेले.

"रडायला काय झालं?"

"मास्तर जाणार." तिनं परकरानं नाक पुसलं. माझ्या परकरानं. "मी करते गं ताई ते म्हणतात तसं. इतकं खाली बघते की मान दुखते. अजून किती खाली बघू?"

"खाली म्हणजे रिकामं गं, म्हशे!" मी म्हटलं. "जमीन नाही. टाळी नसते ना तिथं? रिकामी जागा. ती बघ म्हणतात. नाना पेला खाली कर म्हणाले तर तू काय करतेस?"

"जमिनीवर ठेवते," कुसुम म्हणाली.

खरंच ठेवायची ती! म्हणून नाना नेहमी म्हणायचे, ही पोर दूध टाकते. मला हसू आलं, तिलाही रडता रडता आलं. मग मी थाळी खिडकीच्या गजाशी धरून तिला ताल वाजवून दाखवला. टक्, टक्, काही नाही, टक्. "तिथं मान वर ठेव. उलट आढ्याकडं बघ." ती दगडावर बसून, तुळशीवरून वर बघत, हळू आवाजात गायली. पहिल्याच खेपेला नववी मात्रा सरळ पार झाली. मला वाटलं, निदान चार वेळा तरी चुकेल.

शनिवारी मास्तर आले. दोन अंडी दिली, चहा घेतला, म्हणाले, "एक दफा सुनाओ बिटिया." कुसुम गायली. टाळी, टाळी, आणि त्या रिकाम्या जागेवर टाळीही नाही, मास्तरांचा शब्दही नाही, फक्त तिचा आवाज उभा. कुठंही न टेकता उभा. मास्तरांची पुढची टाळी पडलीच नाही. "फिरसे," ते म्हणाले. ती पुन्हा गायली. "फिरसे." तिसऱ्यांदा ती गायली तेव्हा मी पांघरूण तोंडात कोंबलं होतं. रडू कशाचं येत होतं ते मला सांगता येत नाही. शिकवण्या राहणार म्हणून असेल. पण खरं सांगायचं तर मला स्वच्छ कळलं होतं की बरी झाले तरी मी अशी कधी गाणार नाही. अडवून धरलेला बांध मीच माझ्या हातानं फोडून दिला होता.

"कौन बोला तुमकू?" मास्तरांनी विचारलं.

म्हण ना गं, माझं मला सुचलं म्हणून! मी मनात म्हणत होते. म्हटलं असतंस तर जन्मभर तुझा राग धरला असता, किती सोपं झालं असतं. पण कुसुम आपल्या मोडक्या हिंदीत लगेच म्हणाली, "ताई ने बोल्या. खाली मतलब रिकामा." आणि मग सगळंच बाहेर आलं, हनुवटी, जमीन, शील. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगोबाई, म्हणजे मीच का शहाणी?"

मग मास्तर परसात आले. धुण्याच्या दगडापलीकडं उभे राहिले, नजर आपल्या चपलांवर. "बडी बिटिया," ते म्हणाले, "आपकू कब समझा?"

खिडकीत मी होते, दगडाशी कुसुम होती, दारात आई होती.

"कल," मी म्हटलं.

मास्तरांनी कानाच्या पाळीला हात लावला. "हमको महिना लगा, आपकू एक दिन. भिंत के पीछे से! कान तो इस घर में आपका है." एवढं बोलून ते पुन्हा बैठकीत गेले, आणि सोमवारपासून शिकवणी चालू राहिली. पुढं ते ताल धरताना मुद्दाम भिंतीशी सरकून बसायचे आणि नवव्या मात्रेला थांबून माझ्या थाळीकडं कान द्यायचे. संगीतात मला मिळालेली तेवढी एकच शाबासकी. ती खोटी होती हे मलाच ठाऊक.

मी बरी झाले, पण एक बाजू कायमची अधू राहिली. दोन ओळी म्हटल्या की दम लागतो. पुढं शाळेत गणित शिकवलं. कुसुम गायली. फार मोठी झाली नाही, पण तिच्या हाताखालून शंभरएक मुली गायला लागल्या, आणि त्या सगळ्या अजून तिच्या पाया पडायला येतात. प्रत्येक सत्काराला तिनं तीच गोष्ट सांगायची. "मला खाली माझ्या ताईनं शिकवली. एका दिवसात ओळखलं तिनं, भिंतीआडून!" लोक टाळ्या वाजवतात. मला पहिल्या रांगेतून उठून नमस्कार करावा लागतो. एकदा तर तिनं मलाच शाल दिली. घरी आल्यावर मी ती ट्रंकेच्या तळाशी घातली, अजून तिथंच आहे. तिचा गळा मला खुपला नाही इतकं तिचं हे चांगलं बोलणं खुपत आलंय. हिला एकदा तरी वाईट वागता येऊ नये का?

आता तिच्या डोळ्यांनी दगा दिलाय. वाचता येत नाही. दर रविवारी तिचा नातू तिला गाडीतून माझ्याकडं आणून सोडतो आणि मी आठवडाभर लिहिलेलं तिला मोठ्यानं वाचून दाखवते. दम लागला की थांबते. फुलंब्रीचं प्रकरण तिला फार आवडलं. "पुढं लतीफमास्तर येणार ना?" असं मागच्या खेपेला दोनदा विचारून गेली. उद्या रविवार आहे. एक पान गाळून वाचता येईल, तिला कळायचं नाही, हे मी आज सकाळपासून स्वतःला सांगतेय. पण "कल" नव्हे, महिनाभर, हे मी आता लिहून बसलेय. उद्या ती समोरच्या खुर्चीत मान वर करून ऐकत बसेल, आणि खाली बघायची पाळी माझी असेल.